लेक म्हणते, शर्यतीच्या शिडाच्या बोटीवर स्किपर व्हायचंय. हे करिअर असतं तरी कसं?

फोंड्याचा_बाबा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही गरज पडली म्हणून.

मुलगी वीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बारा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत पणजीजवळ शिडाच्या होडीच्या शिबिराला घातली होती. पोहायला येत होतं, एवढंच निमित्त. तेव्हापासून दर शनिवार-रविवार फोंडा ते कारंझाळे. आमच्या घरात समुद्राशी कुणाचा संबंध नाही. वडील भजनी बुवा, मी बँकेत, बायको शाळेत.

२९ मे २०२५ ला नौदलाची 'तारिणी' जगाला वळसा घालून मुरगावला परत आली. दिल्ना आणि रूपा, दोघीच जणी आठ महिने त्या बोटीवर. बातम्या बघताना मुलीचा घास हातातच राहिला. म्हणाली, "बाबा, मला हेच करायचंय. पण नौदलात नाही, शर्यतीत. स्किपर म्हणून."

मालवाहू जहाजाचा कप्तान मला समजतो. परीक्षा असते, कंपनी असते, पगार असतो. शर्यतीचा स्किपर मात्र डोळ्यांसमोर उभा राहत नाही. त्याला पैसे कोण देतं? शिक्षण कुठे मिळतं? किती वयापर्यंत हे चालतं? आणि गोव्यातल्या साध्या घरातल्या मुलीला ही वाट आहे का? कृपया खरं काय ते सांगा. तिचं मन मोडायचं नाही आणि तिला खोटी आशाही लावायची नाही.

मांडवीकाठची

वाचतेय. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, माझा भाचाही याच वाटेवर आहे.

वास्कोकर_निवृत्त

बाबासाहेब, नौदलात सत्तावीस वर्षं काढली. स्वतः खोल समुद्रात शीड फार चालवलं नाही, पण या सगळ्या मोहिमा जवळून पाहिल्या. थोडं मागून सांगतो.

गोवा या गोष्टीच्या केंद्रस्थानी आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णीला राहून त्यांनी तिचा पाठपुरावा केला. माणूस मिळाला दिलीप दोंदे. बोट बांधली आपल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. तोवर त्यांनी अशी सागरी शिडाची बोट कधी बांधली नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये ५६ फुटी 'म्हादेई' नौदलाच्या हाती आली आणि ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दोंदे चार थांबे घेऊन जगाला फेरी मारून आले. मग अभिलाष टॉमी त्याच 'म्हादेई'वर १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परतले. 'तारिणी' त्याच यार्डातली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यावरून गेल्या.

आता तुमच्या मुलीच्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द: 'शर्यतीत'. नौदलात बोट नौदलाची, पगार नौदलाचा, घरच्यांची काळजी घ्यायला मागे अख्खी संस्था. व्यावसायिक स्किपरच्या मागे यातलं काही आपोआप उभं राहत नाही. बोट, पैसा, माणसं, सगळं त्यालाच जमवावं लागतं. टॉमींचंच बघा. नौदलातून निवृत्त झाल्यावर २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीसाठी त्यांना प्रायोजक मिळाला तो अमिरातीतला. बोटीचं नावही त्या कंपनीचंच, 'बायानात'.

एक विनंती. तिने नौदलाचा रस्ता घाईने नाकारू नये. सागरी शीडनौकानयनासाठी नौदलाने वेरेंला आयएनएस मांडवीत वेगळं केंद्रच ठेवलंय. फोंड्याहून तासाभराच्या वाटेवर.

कुटबणकर

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत. यॉटमधलं मला कळत नाही, पण स्किपर म्हणजे आमचा तांडेल, तेवढं कळतं. म्हणून लिहितो.

तांडेल होण्याची कुठे परीक्षा नसते. माझा काका तेराव्या वर्षी होडीवर चढला तो भात शिजवायला आणि पाणी उपसायला. मग जाळं शिवायला, मग रात्री जागायला. वीस वर्षांनी एका मोसमात जुन्या तांडेलाचं गुडघ्याचं दुखणं वाढलं. मालकाने विचारलं, कोण नेईल? काका काहीच बोलला नाही. बाकीचे सात खलाशी म्हणाले, हा नेत असेल तर आम्ही येतो. त्या दिवशी काका तांडेल झाला.

तुमच्या मुलीला विचारा, तिच्यासोबत खराब वाऱ्यात जायला तिच्या क्लबातले किती जण तयार होतील? तीन-चार जण निघाले तर ती बरोबर रस्त्यावर आहे.

हिशेबनीस

मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नका. सनदी लेखापाल आहे, मडगावला बसतो.

हा श्रीमंतांचा खेळ आहे. फुटबॉलला चेंडू लागतो, इथे बोट लागते. शीड फाटलं की लाखांत खर्च. आपल्या देशात या शर्यतींना प्रेक्षक नाही, आणि प्रेक्षक नसला की प्रायोजक नाही. ज्या मुलांना मी या खेळात पाहिलंय ती एकतर सैन्यदलांत नोकरीला लागली, नाहीतर तिशीला सोडून हॉटेलच्या धंद्यात गेली. डिग्री पूर्ण करू द्या, नोकरी लागू द्या, शनिवार-रविवार शीड चालू ठेवा. छंद म्हणून यासारखा छंद नाही. पोट त्याच्यावर ठेवू नका.

म्हापसेकरीण

@फोंड्याचा_बाबा, तुमचा धागा मैत्रिणीने पाठवला म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. मी मूळची म्हापशाची. सहा वर्षं फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या लोरियाँ बंदरात शर्यतीच्या बोटी तयार करण्याचं काम केलं. दुसऱ्या महायुद्धातला पाणबुड्यांचा जुना तळ आहे तिथे, आज त्याच धक्क्यांवर मोठमोठ्या शर्यतींचे संघ बसतात. मी स्किपर नव्हते. पण त्यांच्याबरोबर काम केलं, जेवले, भांडले. जे पाहिलं ते लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पैसा, कारण @हिशेबनीस यांनी तोच मुद्दा काढलाय आणि तो खोटा नाही. व्हांदे ग्लोब ही एकट्याने, न थांबता, मदतीशिवाय जगाला फेरी मारायची शर्यत. १९८९ पासून, दर चार वर्षांनी. तिच्या ६० फुटी बोटींमागे दहा-पंधरा माणसांचा संघ असतो आणि खर्च कित्येक कोटींचा. त्यापुढे बक्षिसाची रक्कम किरकोळच. म्हणजे स्किपर बक्षिसावर जगत नाही, प्रायोजकाच्या करारावर जगतो. शिडावर जे मोठं नाव रंगवलेलं असतं त्यातून त्याचा पगार, बोट आणि माणसं निघतात. मी पाहिलेले चांगले स्किपर आठवड्यातले दोन दिवस बिस्किटांच्या किंवा विम्याच्या कंपनीत सूट घालून सादरीकरण करत बसायचे. ज्याला हे जमत नाही त्याची बोट धक्क्यालाच राहते, हात कितीही चांगला असो.

आता वाट. तिथे बहुतेकांची सुरुवात होते मिनी नावाच्या साडेसहा मीटरच्या बोटीवर. एक माणूस, अटलांटिक पार. शर्यतीत उभं राहण्याआधी एकट्याने १००० सागरी मैलांचा सलग प्रवास करून दाखवावा लागतो. पुढे ४० फुटी बोटी, मग ६०. मिनीतले कितीतरी जण हिवाळाभर दुसऱ्यांच्या बोटी घासून पैसे जमवतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता, दिवसभर रेझिनमध्ये हात आणि रात्री स्वतःच्या मिनीचं सुकाणू दुरुस्त करायचा. जेवण म्हणजे पास्ता आणि लोणी, रोज. तिसऱ्या वर्षी तो अटलांटिक पार करून आला.

मुलीने इंजिनिअरिंग सोडू नये, याबाबत माझं मत हिशेबनिसांसारखंच, पण कारण वेगळं. २०२४-२५ ची व्हांदे ग्लोब ६४ दिवस १९ तासांत जिंकणारा शार्ली दालँ हा शिकलेला नौका-रचनाकार आहे. समुद्राच्या मधोमध हायड्रॉलिक गळायला लागलं की मेकॅनिकलचं तिसरं वर्ष कामाला येतं.

आणि वय. त्याच शर्यतीत ४० जण निघाले होते. सगळ्यांत लहान व्हायोलेत दोरांज २३ वर्षांची, सगळ्यांत मोठा जाँ ल काम ६५ चा. दोघांनीही शर्यत पूर्ण केली. वीस वर्षांच्या मुलीला उशीर झालेला नाही.

मांडवीकाठची

@म्हापसेकरीण, प्रतिसाद जपून ठेवलाय. फक्त शिडावर बिस्किटांचं नाव, हे वाचून भाच्याच्या बोटीवर आमच्या खाज्याच्या दुकानाचं नाव रंगवायचं ठरलं!

शब्दवेडा

थोडं अवांतर. स्किपर, सेल, मास्ट हे सगळं बोलताना आपले शब्द विसरू नका. डोलकाठी, परबाण, शीड, नाळ, सुकाणू. आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो मतलई वारा. माझे आजोबा वेंगुर्ल्याहून पणजीला गलबताने कौलं आणायचे, तेव्हा मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारच्या वाऱ्यावर आत यायचं असा नेम होता.

दिवाडीचा उल्लेख झालाच आहे म्हणून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाजही तिथलंच. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. एकही खिळा न ठोकता. एकाच बेटावर फायबरची 'तारिणी'ही बांधली गेली आणि शिवलेलं 'कौंडिण्य'ही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कुटबणकर

@शब्दवेडा, मतलई आम्ही अजून म्हणतो. मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा बघतो आणि मतलईच म्हणतो.

उपरवारा

मी पंचवीस वर्षांचा, ताळगावचा. तीन वर्षं बोटी पोचवायचं काम करतोय. कुणी मुंबईत बोट विकत घेतो, ती गोव्याला किंवा कोचीला न्यायची असते. मालकाला वेळ नसतो, मग आम्ही नेतो. शर्यत नाही, पण स्किपर कसा असतो ते मी इथेच पाहिलं.

पहिलीच खेप. डिसेंबर, मुंबई ते गोवा, साधारण सव्वादोनशे सागरी मैल. आम्ही तिघं. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला देवगडच्या बाहेर वारा पडला म्हणून इंजिन लावलं. दहा मिनिटांत घुर्र असा आवाज आणि इंजिन बंद. पंख्यात जाळं. दिवा नसलेलं जाळं, कुणीतरी टाकून ठेवलेलं. मी घाबरून टॉर्च घेऊन उडीच मारायला निघालो. स्किपरने माझ्या जाकिटाची कॉलर धरली आणि म्हणाला, "आधी चहा ठेव."

मी चहा ठेवला. तोवर त्याने खोली मोजली, नांगराची साखळी मोकळी करून ठेवली, प्रवाह आम्हाला कुठे ढकलतोय ते नकाशावर पेन्सिलने दर पंधरा मिनिटांनी टिपायला लागला. किनाऱ्यापासून आम्ही सात मैल होतो, तास-दोन तासांत कुठे आपटणार नव्हतो. उजाडल्यावर कमरेला दोरी बांधून, पाव कापायची दातेरी सुरी घेऊन तो स्वतः खाली गेला. चाळीस मिनिटं. वर आला तेव्हा दोन्ही पंजे शिंपल्यांनी सोललेले. "आता सावकाश पुढे घे," एवढंच म्हणाला आणि झोपायला गेला.

रात्री अंधारात उडी मारली असती तर आज मी हे लिहायला असतो की नाही, माहीत नाही. बोट हाकायला मला शिकवणारे खूप भेटले. थांबायचं कधी, ते त्या रात्री शिकलो.

पैशाचं खरं सांगतो. खेपेमागे ठरलेली रक्कम मिळते, मोसम ऑक्टोबर ते मे. एका मालकाने माझे दोन खेपांचे पैसे अजून दिलेले नाहीत, तेव्हापासून अर्धे आधी घेतल्याशिवाय दोर सोडत नाही. पावसाळ्यात मी फायबरची दुरुस्ती करतो. घर चालतं. आईने पहिल्यांदा विचारलं होतं, "रात्री जेवायला कुठे थांबता रे?" तिला आजही पटत नाही की थांबतच नाही.

फोंड्याचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. @उपरवारा, तुमची ती रात्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. मुलगी खूश. बायको उठून आत गेली. थोड्या वेळाने आली आणि म्हणाली, मलाच लिहायचंय. तर खालचं तिचं.

"मी हिची आई. मला पैशाचं काही नाही, आम्ही थोडक्यात भागवणारी माणसं. पण २०१८ साली त्या टॉमींची बोट उलटली, पाठीचं हाड मोडून ते तीन दिवस पडून होते, ते मी पेपरात वाचलंय. आणि एकटं असताना झोपायचं कधी? झोपेत समोरून जहाज आलं तर हिला उठवणार कोण? याचं उत्तर कुणी देत असेल तर ऐकायचंय."

वास्कोकर_निवृत्त

वहिनी, प्रश्न रास्त आहे, गोड बोलून टाळणार नाही.

त्या गोल्डन ग्लोबला १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, ३२ ते ३६ फुटी बोटीच चालतात. जीपीएस नाही, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजायचे, कागदी नकाशे. टॉमींची 'थुरिया' दिवाडीलाच बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलटी केली, डोलकाठी मोडली. तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर होते. आपल्या नौदलाच्या विमानाने बोट शोधली. त्याच वादळात स्वतःची डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन जोडकाम केलेल्या शिडावर त्यांच्याकडे यायला निघाला होता. २४ तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना उचललं. शर्यतीच्या नियमपुस्तकातला पहिलाच नियम आहे, संकटात असलेल्याला मदत करायची. तो पाळला जातो. २०२२-२३ मध्ये ही शर्यत जिंकणाऱ्या कर्स्टन नॉयशेफरनेही वाटेत बोट बुडालेल्या तापियो लेहतिनेनला आधी वाचवलं आणि मग पुढे गेली.

टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या. त्याच पाठीने ते २०२२ मध्ये पुन्हा निघाले आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. निघालेल्या १६ जणांपैकी मूळ गटात, म्हणजे वाटेत न थांबता, शर्यत पूर्ण करणारे तिघेच.

धोका आहेच. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत १५ स्पर्धक गेले, १९९८ च्या सिडनी-होबार्टमध्ये ६. त्यानंतर सुरक्षेचे नियम पुष्कळ कडक झाले. पण निघायचं की नाही, मागे फिरायचं की नाही, हा निर्णय नियमानेही बोटीवरच सोडलेला आहे. म्हणजे स्किपरवर. मुलगी मागे फिरू शकते का, हे तुम्ही तिच्यात बघा. त्यावरून तुम्हाला झोप लागेल की नाही ते ठरेल.

म्हापसेकरीण

काकू, झोपेचं मी सांगते. एकट्याने जाणारे सलग रात्र झोपत नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या, किनाऱ्यापासून दूर असले तर थोड्या लांब. जहाजांची जागा दाखवणारं यंत्र असतं, कुणी ठरावीक अंतराच्या आत आलं की कर्कश भोंगा वाजतो. माझ्या एका स्किपरने तो भोंगा उशीच्या आत शिवून घेतला होता. हे शिकावं लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सराव करतात. आणि एकट्याने जायची शर्यत हा एकच प्रकार नाही. दोघांच्या असतात, मोठ्या संघाच्या असतात. तिथे पाळ्या असतात, उठवणारी माणसं असतात. सुरुवात तिथूनच करावी.

कर्स्टनचं नाव निघालं म्हणून तिचीच वाट बघा. ती थेट शर्यतीत उतरली नाही. आधी बोटी पोचवल्या, प्रशिक्षणाच्या बोटींवर काम केलं, दक्षिण जॉर्जिया आणि अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यात मोहिमांच्या बोटी चालवल्या. त्या सगळ्या वर्षांत ती पगार घेत होती. @उपरवारा जे करतोय, ते करत करत ती तिथे पोचली.

हिशेबनीस

@म्हापसेकरीण, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे शर्यत हे टोक आणि खाली मोठा धंदा: बोटी पोचवणं, शिकवणं, दुरुस्ती, भाड्याच्या बोटी चालवणं. असं असेल तर माझं वरचं वाक्य मी बदलतो. पोट शीडकामावर ठेवता येईल, शर्यतीवर ठेवू नये. शर्यतीचा खर्च वेगळ्या खात्यात मांडावा.

मग परवान्याचं सांगा. विमा कंपनी काय मागते? कागद कुठला?

म्हापसेकरीण

जगभर चालतो तो ब्रिटनच्या आरवायए संस्थेचा यॉटमास्टर. ऑफशोअर पातळीसाठी साधारण २५०० सागरी मैल आणि समुद्रावरचे ५० दिवस नोंदवहीत लागतात. वर रेडिओचा परवाना, प्रथमोपचार आणि प्रत्यक्ष बोटीवर परीक्षा. पैसे घेऊन काम करायचं तर वैद्यकीय दाखला आणि जीवरक्षणाचा कोर्सही. ओशन पातळीला किमान ६०० मैलांचा सलग प्रवास आणि सेक्स्टंटने काढलेली जागा दाखवावी लागते. कागद मिळाला की रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केलेल्या क्लिपरसारख्या शर्यतीतही पगारी स्किपरची नोकरी असते. तिथे खलाशी म्हणजे पैसे भरून आलेली हौशी माणसं, त्यांना अख्ख्या जगाभोवती सुखरूप न्यायचं. फार कठीण नोकरी. बोट सांभाळण्यापेक्षा माणसं सांभाळणं जड.

शब्दवेडा

नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६८-६९ च्या शर्यतीत जगाला पहिली सलग एकट्याने फेरी मारणारे ना? त्यांची 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. 'थुरिया' तिचीच प्रतिकृती. जिंकलेले ५००० पौंड त्यांनी त्याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. हे वाचलं की मला अजून भरून येतं.

मिरामारचा_पंच

उशिरा आलो. पंधरा वर्षं छोट्या बोटींच्या शर्यतींवर पंच आहे. मुलीला बहुधा पाहिलंही असेल, पण नाव विचारत नाही.

तिच्याकडे काय आहे आणि काय नाही, ते सांगतो. कारंझाळ्याला सकाळी पूर्वेचा हलका वारा, अकरा-साडेअकराला मेल्यासारखी शांतता, मग एकच्या पुढे वायव्येचा भरतो. ओहोटी जोरात असली की मांडवीचं बाहेर पडणारं पाणी आणि समोरून येणारा वारा भांडतात, आग्वादच्या वाळूच्या दांड्याजवळ उभ्या लाटा उठतात. यात आठ वर्षं शर्यती केलेल्या मुलीला वारा बदलायच्या आधी पाण्याचा रंग बदललेला दिसतो. ही नजर कुठल्या कोर्सात मिळत नाही.

नाही ते मैल. छोट्या बोटीची शर्यत तासाभराची, संध्याकाळी घरी. रात्र पाहिलेली नाही. ओल्या कपड्यांत तिसरा दिवस पाहिलेला नाही. शीड फाटलं तर शिवायचं कुणी, जेवण कुणी करायचं, चिडलेल्या सोबत्याशी बोलायचं कसं, हे काहीच नाही. @कुटबणकर यांनी तांडेलाचं लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यांत नेमकं.

आणि फोंड्याला समुद्र नाही म्हणून मन छोटं करू नका. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातली, भोपाळच्या तलावात शिकली आणि २०२३ च्या आशियाई खेळांत रौप्य घेऊन आली. एलन मॅकआर्थर डर्बीशायरची, तिथून समुद्र कुठल्या कुठे. शाळेतल्या जेवणाचे पैसे वाचवून पहिली होडी घेतली आणि २४ व्या वर्षी व्हांदे ग्लोबमध्ये दुसरी आली.

कुटबणकर

@मिरामारचा_पंच, आग्वादच्या दांड्याचं बरोबर लिहिलंत. आमचा एक पाहुणा तिथेच उलटला होता, भर दुपारी, किनाऱ्यावरून लोक बघत असताना. वाचला.

फोंड्याचा_बाबा

दहा दिवस झाले धाग्याला. घरात जे ठरलं ते सांगायला आलोय.

इंजिनिअरिंग पूर्ण करायचं, हे तिने स्वतःहून मान्य केलं. त्या शिकलेल्या स्किपरचं उदाहरण तिला पटलं. @उपरवारा यांच्याशी व्यनिवर (व्यक्तिगत निरोपातून) बोललो. नोव्हेंबरच्या सुट्टीत मुंबई ते गोवा खेपेला तिसरी म्हणून ती जाईल, स्किपर तोच, पाव कापायच्या सुरीवाला. नोंदवहीत पहिले सव्वादोनशे मैल. पुढच्या उन्हाळ्यात फायबरचं काम शिकायला एका यार्डात विचारतोय.

@कुटबणकर, तुमचा प्रश्न मी तिला विचारला. क्लबातले किती जण तुझ्याबरोबर खराब वाऱ्यात येतील? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दोन नक्की. तिसऱ्याशी भांडण झालंय, चूक माझी होती, उद्या जाऊन बोलते. आणि गेली.

हिच्या आईचं पूर्ण समाधान झालेलं नाही. तिने एकच अट घातली आहे: पोचल्यावर पहिला फोन तिला, मग इतर कुणाला. आता साधा प्रश्न, पहिल्या खेपेला मुलीबरोबर द्यायचं काय? आईने लाडूंचा डबा काढून ठेवलाय.

उपरवारा

काका, लाडू भरपूर द्या, पण डबा स्टीलचा नको, आदळतो आणि रात्रभर वाजतो. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा. डोक्यावर बांधायचा टॉर्च, लाल उजेडाचा असला तर उत्तम. लोकरी टोपी, डिसेंबरच नाही, नोव्हेंबरातही पहाटे मतलईला थंडी वाजते. कपडे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, एक भिजली तर दुसरी.

कुटबणकर

आल्याची वडी द्या. पहिल्या रात्री पोट ढवळतं, काकालाही ढवळायचं. आणि सुरी तिची स्वतःची असू दे, कमरेला दोरीने बांधलेली. आमच्या घरात नवी सुरी आधी काका धार लावून देतो. पाठवा कुटबणला, तुमच्या मुलीचीही लावून देईल.